वळण मोजा, मग डबे मागवा

प्रश्न : इंदूरला लोकमान्यनगरात आमचं जुनं घर आहे. मागे 24 बाय 14 फुटांचं अंगण. ह्यांनी निवृत्तीनंतर तिथे बागेत चालणारी छोटी मॉडेल रेल्वे केली. रूळ एलजीबी या जर्मन कंपनीचे, इंजिनही त्यांचंच, 'स्टाइन्झ' नावाचं, वाफेच्या छोट्या इंजिनासारखं दिसणारं. जोडीला चार चाकांचे दोन डबे. चिकूच्या झाडापाशी वळण फार घट्ट आहे, जेमतेम दोन फूट त्रिज्येचं. डिसेंबरात मुलगा जर्मनीहून आणि लेक अमेरिकेहून येणार आहे. दोघंही विचारतात, डबे कुठल्या कंपनीचे आणू? मुलगा म्हणतो, एलजीबीशिवाय हातच लावू नका. जावई म्हणतात, बाकमन स्वस्त पडतं. ह्यांना यूएसए ट्रेन्सचे ॲल्युमिनियमचे लांब चकचकीत डबे हवेत. माझे वडील खंडवा-इंदूर छोट्या लाइनीवर गार्ड होते. अंगणात ती गाडी दिसावी असं मला वाटतं, पण हे अजून घरात कुणाला बोलले नाही. काय घ्यावं?

उत्तर : ताई, जे तुम्ही घरात बोलला नाहीत, तेच आज संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगा. वडिलांच्या गाडीची ही आठवण नुसती भावनेची गोष्ट नाही. कुठले डबे घ्यायचे, याचा अर्धा निकाल तिच्यातच आहे. उरलेला अर्धा चिकूच्या झाडापाशी आहे.

आधी वडिलांच्या गाडीचं बोलू. तुमच्या अंगणातल्या दोन रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर आहे. एलजीबी, पिको, बाकमन, यूएसए ट्रेन्स, सगळ्यांचे डबे याच रुळावर चालतात आणि म्हणून दुकानात ते एका फळीवर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. पण रूळ एक असला तरी प्रमाण एक नसतं. एलजीबीचं मूळ प्रमाण 1:22.5, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीस पट लहान. खंडवा-इंदूरची लाइन मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली होती. हजार मिलिमीटरला साडेबावीसने भागा, उत्तर 44.4 येतं. तुमच्या अंगणात अंथरलेला रूळ हा हिशेबाने मीटर गेजचाच रूळ आहे. ज्या लाइनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांच्या मुदतीने दिले, ज्या लाइनीवर तुमच्या वडिलांनी हिरवा झेंडा दाखवला, तिचंच हे लहान रूप. एवढा चोख मेळ सहसा जमून येत नाही, म्हणून तो मोडू नका असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

ह्यांना आवडलेले अमेरिकन डबे 1:29 चे आहेत. ते तिथल्या मोठ्या लाइनीचे, म्हणजे 1435 मिलिमीटर गेजचे. फरक डोळ्यांना कसा दिसतो ते सांगतो. 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस 1:22.5 मध्ये साडेसात सेंटिमीटरचा होतो, 1:29 मध्ये सहाच्याही आत. तुमच्या आताच्या डब्याच्या दारातून जो गार्ड ताठ बाहेर पडतो, तोच त्या चकचकीत डब्याच्या दारात उभा केला तर त्याचं डोकं चौकटीच्या वर जाईल. दोन्ही डबे एकामागे एक जोडले की पाहणाऱ्याला काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, काय ते सांगता येत नाही. नेमकं बिनसतं ते हे.

आता चिकू. डब्याची लांबी आणि वळणाची त्रिज्या यांचं गणित कुठल्याही कंपनीच्या नावापेक्षा मोठं आहे. अमेरिकेतला जुना जड प्रवासी डबा ऐंशी फुटांचा. 1:29 मध्ये तो 84 सेंटिमीटर भरतो. त्याच्या दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्यांच्या, मधोमधचं अंतर साधारण 60 सेंटिमीटर धरा. असा डबा वळणात शिरला की दोन्ही टोकं बाहेर झुकतात आणि पोट आत सरकतं. किती सरकतं? बोगींमधल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. तुमच्या दोन फुटी वळणावर ते साडेसात सेंटिमीटर येतं. साडेसात सेंटिमीटर म्हणजे पोटाखाली रूळच उरला नाही! बोगीही इतकी वळू शकत नाही, ती डब्याच्या तळाला अडते आणि चाक रुळावरून उतरतं. त्रिज्या चार फुटांची केली तर हेच सरकणं पावणेचार सेंटिमीटरवर येतं. तेव्हा डबा चालेल, पण शोभणार नाही. डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट त्रिज्या हवी, हा माझा ठोकताळा आहे. 84 सेंटिमीटरच्या डब्याला त्या हिशेबाने अडीच मीटर त्रिज्या लागते, म्हणजे नुसत्या वळणाचीच रुंदी पाच मीटर. तुमच्या अंगणाची सगळी रुंदी सव्वाचार मीटर आहे.

हे मी कागदावर शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका दुकानातून लांब डब्यांचा वापरलेला संच मागवला होता. विकणाऱ्याने 'कुठल्याही वळणावर चालतील' असं लिहून पाठवलं होतं आणि मी मोजमाप न करता पैसे भरले. पहिल्याच फेरीत मधला डबा तुळशीच्या कुंडीला घासला. हिरव्या रंगाचा बोटभर पट्टा सोलून निघाला आणि खालचा प्लास्टिकचा पांढरेपणा उघडा पडला. त्याच्या मागचा डबा कलंडून मोगऱ्याच्या आळ्यात पडला. डबे परत घ्यायला तो दुकानदार तयार झाला नाही. तो संच आजही कपाटात आहे.

तेव्हापासून मी पुठ्ठ्याचा डबा केल्याशिवाय खरा डबा मागवत नाही. तुम्हीही हे करा, नातवंडं असतील तर त्यांना हाताशी घ्या. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापायची, जो डबा मनात आहे त्याच्या लांबीची आणि रुंदीची. बोगी जिथे फिरते त्या दोन जागांना भोकं पाडून त्यांतून दोन खिळे खाली सोडायचे. मग ही पट्टी वळणावर अशी सरकवायची की दोन्ही खिळे रुळांच्या बरोबर मधोमध राहतील. पोट आत किती येतं आणि टोक बाहेर किती जातं, तिथे तिथे खडूने खुणा करत जायचं. एक पूर्ण फेरी झाली की जमिनीवर दोन रेघा तयार होतात. त्या रेघांच्या आत चिकूचं खोड, कुंडी, पायरीचा कोपरा, नळाची तोटी, काहीही येता कामा नये. अर्ध्या तासाचं काम आहे. चिकूपाशी ह्यांनाच पट्टी सरकवायला द्या. तुम्ही कितीही समजावलंत तरी त्या खडूच्या रेघेइतकं कुणाला पटणार नाही.

आता कंपन्यांकडे वळतो.

एलजीबीबद्दल मुलगा जे म्हणतो त्याला आधार आहे. एलजीबी काढणारी लेहमान ही खेळण्यांची जर्मन कंपनी 1881 पासूनची, ब्रांडेनबुर्गला सुरू झालेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती न्यूरेंबर्गला आली आणि 1968 मध्ये तिने बागेत, उन्हापावसात चालेल अशी ही मोठी गाडी बाजारात आणली. तुमच्या घरातलं स्टाइन्झ इंजिन त्या पहिल्या वर्षाचं आहे, म्हणजे त्याची रचना. खरं स्टाइन्झ ऑस्ट्रियातलं, 760 मिलिमीटरच्या अरुंद लाइनीवरचं. म्हणून प्रमाणाचा अगदी कडक हिशेब लावला तर एलजीबीनेही थोडं ओढूनताणून बसवलेलं दिसतं. 2006 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि पुढच्या वर्षी मेर्क्लिन या दुसऱ्या जर्मन खेळणी कंपनीने ती घेतली. आज एलजीबीचा माल मेर्क्लिनच्या हंगेरीतल्या कारखान्यात तयार होतो. तुमच्या दृष्टीने यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की जुना न्यूरेंबर्गचा माल आणि आजचा माल एकमेकांना जोडता येतो. हूक आणि कडीची जोडणी तीच आहे. जर्मनीत वापरलेले जुने डबे पुष्कळ मिळतात आणि दोन चाकजोड्यांचे, साधारण 30 सेंटिमीटरचे ते डबे तुमच्या दोन फुटी वळणावरून लोण्यातून सुरी फिरावी तसे जातात. एलजीबीचं सगळ्यात लहान वळण 60 सेंटिमीटर त्रिज्येचं. तुमचं चिकूपाशी आहे तेच हे.

एलजीबीचे स्वित्झर्लंडच्या रेटिश रेल्वेचे लाल लांब डबे मुलाच्या मनात असतील. ती लाइनही मीटर गेजची, त्यामुळे प्रमाणाला ते तंतोतंत बसतात. पण खरा 18 मीटरचा डबा 1:22.5 मध्ये 80 सेंटिमीटरचा होईल, म्हणून एलजीबीने त्यांतले बरेच डबे आखूड करून काढले आहेत. कट्टर हौशी माणसं यावर नाक मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही. बागेत डबा हलत असतो, आपण उभं राहून वरून बघतो, खोडापलीकडे तो दिसेनासा होतो आणि पुन्हा येतो. चार खिडक्या कमी आहेत हे कुणी मोजत नाही. मात्र आखूड केलेले असले तरी ते तुमच्या स्टाइन्झला जड आहेत आणि दिसायलाही इंजिनापेक्षा डबा मोठा वाटतो. मोठं इंजिन येईल तेव्हा घ्या.

पिकोचा कारखाना जर्मनीतच, झोनेबर्गला. त्यांचे डबे साधारण एलजीबीपेक्षा कमी किमतीत मिळतात, जोडणी एलजीबीला चालते आणि बहुतेक डबे 60 सेंटिमीटरच्या वळणावर चालतील असेच काढलेले असतात. त्यांचे बरेचसे प्रवासी डबे जर्मनीच्या मोठ्या लाइनीचे आहेत. त्यामुळे शेजारी एलजीबीचा अरुंद लाइनीचा डबा ठेवला की दार-खिडकीच्या उंचीत फरक जाणवतो. घ्यायचे तर सगळी गाडी पिकोची करा, मिसळू नका. प्लास्टिक मजबूत आहे. बारकाव्यात, म्हणजे दाराच्या मुठी, पायऱ्यांची जाळी, आतली बाकं, एलजीबी मला थोडं उजवं वाटतं. पण लहान मुलांच्या हाती गाडी जाणार असेल तर मी डोळे झाकून पिको सुचवतो.

जावयांचं बाकमन. 1988 पासून त्यांनी 'बिग हॉलर' नावाने मोठ्या गाड्या काढल्या आणि त्यांच्यामुळे अमेरिकेत मध्यमवर्गीय घरांच्या अंगणात ही हौस पोचली, हे त्यांचं मोठं काम. डबे 1:22.5 चेच, अमेरिकेतल्या जुन्या अरुंद लाइनीचे: दोन्ही टोकांना उघडा कठडा, छपराच्या मधोमध उंचवटा आणि त्यात झरोके. देखणे असतात. घेताना दोनच गोष्टी बघायच्या. एक म्हणजे चाकं. जुन्या संचात ती प्लास्टिकची असतात. प्लास्टिकचं चाक रुळावरची घाण उचलून स्वतःभोवती काळी साय जमवतं, शिवाय हलकं असल्याने उडतं. धातूची चाकं बसवली की तोच डबा शहाण्यासारखा चालतो, आणि तो 'टक-टक, टक-टक' आवाज मिळतो तो वेगळाच. दुसरी गोष्ट जोडणीची उंची. ती एलजीबीशी नेमकी जुळत नाही, दोघांमध्ये चढ-उतारावर डबे सुटतात. तुमच्या लेकीला अमेरिकेहून काहीतरी आणायचंच असेल तर डब्यांऐवजी 31 मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या चाकजोड्या आणायला सांगा. आधी तुमच्या आताच्या चाकांचा व्यास आणि आसाची लांबी मोजून तिला कळवा. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर 40 मिलिमीटरच्या आसपास हवं. त्यात एखादा मिलिमीटर कमी-जास्त झाला की सांध्यावर चाक चढतं.

ॲक्युक्राफ्ट कंपनीचे एएमएस नावाने निघणारे डबे 1:20.3 प्रमाणाचे, म्हणजे तीन फुटी लाइनीला अचूक. खिळे, लाकडाच्या फळ्या, आतली शेगडी, सगळं इतकं निगुतीने केलेलं असतं की डबा हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. पण चाळीस फुटी डबासुद्धा 60 सेंटिमीटरचा होतो आणि तुमच्या एलजीबीच्या डब्याशेजारी तो थोरल्या भावासारखा दिसतो. तुमच्यासाठी नाही.

ह्यांच्या आवडीवर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण ती आवड वाईट नाही. यूएसए ट्रेन्सचे ॲल्युमिनियमचे डबे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चालताना ज्याने बघितले, त्याला भुरळ पडणारच. पत्र्याच्या त्या उभ्या-आडव्या नळ्या, लांबच लांब खिडक्यांची ओळ, आतला पिवळा उजेड. प्लास्टिकला तो भार आणि तो धीमा डौल येत नाही. त्यांना नाही म्हणायचं तर नुसतं नाही म्हणू नका, का ते सांगून म्हणा. त्या डब्यांना मोठं, आठ चाकांवर ओढणारं इंजिन लागतं, अडीच मीटरच्या पुढची त्रिज्या लागते आणि तुमचं आहे ते काहीच त्यांना उपयोगी पडत नाही. डब्यांचा खर्च ही सुरुवात असेल. शिवाय 1:29 मधली दुसरी मोठी कंपनी, ॲरिस्टो-क्राफ्ट, 2013 च्या शेवटी बंद झाली. तिचे जड डबे वापरलेले म्हणून मिळतात, मोहात पाडतात, पण मोडलेल्या बोगीचा सुटा भाग शोधत महिने जातात. 1:32 वाले डबे मोठ्या लाइनीला हिशेबाने सगळ्यात चोख, तरी ऐंशी फुटी डबा 76 सेंटिमीटरचा. तिथेही अंगण अपुरंच.

मग घ्यायचं काय? मुलाला सांगा, एलजीबीचे चार चाकांचे आणखी दोन प्रवासी डबे आण आणि एक सामानाचा डबा, ज्याला बाजूला सरकतं दार असेल असा. वापरलेले चालतील. घेण्याआधी विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवायला सांगा: खालून चाकांचा, दोन्ही टोकांच्या जोडणीचा आणि छपराचा. छपराचा अशासाठी, की बागेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या डब्याचं ऊन छपरावरच दिसतं, रंग खडूसारखा पांढरट होतो. दिव्याचे डबे असतील तर जुने बल्ब काढून एलईडी बसवा. बल्ब वीज खातात आणि चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्त्या गाडीला मागे ओढतात. तुमचं स्टाइन्झ चार चाकांचं इंजिन आहे, सपाटीवर असे चार-पाच हलके डबे ते नेईल, चढावर त्याला कमी द्या. तुमच्या वडिलांच्याच लाइनीवरच्या पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटात चढ चाळीसला एक होता, तिथे खऱ्या गाडीलाही मागून दुसरं इंजिन लावावं लागे. तुमच्या अंगणात चाळीसला एक म्हणजे दहा फुटांत तीन इंच. ह्यांनी पायरीकडे चढ किती दिला आहे तेवढं एकदा मोजून घ्या.

सामान आणताना दोन्ही मुलांनी बिलं हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि कस्टमची मर्यादा निघण्याआधी बघून घ्यावी. डब्यांची मूळ खोकी टाकू नयेत.

इंदूरच्या उन्हाचंही सांगायला हवं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि काळ्या छपराचा डबा भरदुपारी रुळावर राहिला तर छप्पर वाकतं. कंपनी कुठलीही असो. रूळ बाहेर राहू द्या, डबे मात्र संध्याकाळी बाहेर काढायचे आणि आत न्यायचे. पितळी रूळही वाढतो: दहा मीटर रुळाला तीस अंश फरकात साधारण पावणेसहा मिलिमीटर. पहाटे सांधे अगदी घट्ट बसवले असतील तर दुपारी वळण फुगून बाहेर येतं, मग दोष डब्याला दिला जातो. प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा.

डबे हाती आले की रंगाचं काम करा. एलजीबीचा हिरवा किंवा लाल डबा तसाच ठेवायचा मोह होईल. पण तुम्हाला वडिलांची गाडी हवी आहे. तेव्हा पाण्यात भिजवायच्या बारीक पॉलिश पेपराने हलकं घासून, प्रायमर मारून, त्यावर तो जुना विटकरी तांबडा रंग द्या. ऑटोच्या रंगाच्या दुकानात कुठलीही छटा मिसळून मिळते. सोबत घरातला एखादा जुना फोटो न्या, नसेल तर पाताळपाणीहून कालाकुंडला जाऊन या. 2018 मध्ये तिथे हेरिटेज गाडी सुरू झाली ती याच मीटर गेजवर. डब्याच्या दाराची उंची, खिडकीच्या गजांची संख्या, पायरी जमिनीपासून किती वर, सगळं टेपने मोजून वहीत लिहा आणि साडेबावीसने भागा. कालाकुंडला उतरलात की पळसाच्या द्रोणातला कलाकंद घ्या, तुमच्या वडिलांनी तो किती वेळा घरी आणला असेल!

सामानाचा डबा गाडीच्या शेवटी जोडा. तो गार्डाचा डबा. त्याच्या सरकत्या दारात साडेसात सेंटिमीटरचा एक माणूस उभा करा, पांढऱ्या गणवेशातला. मागच्या भिंतीवर एक लाल एलईडी लावा. आणि दुधाच्या पावडरच्या डब्याचा पत्रा कापून दीड सेंटिमीटरची चौकोनी पाटी करा, पिवळी रंगवा, वर काळ्या रंगाने एल आणि व्ही ही दोन इंग्रजी अक्षरं. शेवटचा डबा गेला, गाडी पूर्ण गेली, हे स्टेशनवरच्या माणसाला कळावं म्हणून ती पाटी असते. तुमचे वडील रोज ती लावलेली बघूनच गाडी सोडत असतील. ती अक्षरं तुम्ही स्वतः काढा, शून्य नंबरचा ब्रश लागेल.